दहा मिनिटं हात लावू नये

बिघाड दुरुस्त झाला की लोक विसरून जातात, पण तो कसा सापडला ते माझ्याकडे साठत राहतं. मी वर्ध्याच्या एका स्कॅन सेंटरचं नेटवर्क सांभाळतो. आमच्या शाखा पुलगाव आणि आर्वीला. तिथे सीटी स्कॅन निघतो, फाइल वर्ध्याच्या सर्व्हरवर येते आणि डॉक्टर मॅडम रिपोर्ट देतात. मधे उभी फायरवॉल. चोरांना अडवायला आणलेली ही बया बहुतेक वेळा घरच्यांनाच अडवते.

*

पुलगावचे ऑपरेटर चाफलेभाऊ. त्यांचा फोन आला, "लॉगिन होते, पण फाइल नाई जात." मी त्यांना चार वेळा मशीन बंद-चालू करायला लावलं. पाचव्यांदा ते म्हणाले, "मले तं वाटते जी, नाव सांगाचं दार उघडं हाय, सामान न्याचं दुसरं दार बंद हाय."

मी मनातल्या मनात हसलो. गाडीने पुलगाव गाठलं, तीन तास डोकं घातलं. पासवर्डचा पोर्ट, म्हणजे फायरवॉलमधलं नाव सांगायचं दार, उघडा होता आणि फाइल नेणारे दुसरे पोर्ट फायरवॉलने बंद ठेवले होते.

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"मी आधी कापसाच्या जिनिंगले होतो. नाव पुढच्या गेटवर लिहाचं, गाडी मागून न्याची."

*

महिन्याभराने चाफलेभाऊ फारच खूश. "आता फाइल कशी भरारा जाऊन राह्यली!"

मला शंका आली. जाऊन बघतो तर फायरवॉलचा डबा बंद, वायर सरळ जोडलेली, आणि डब्याच्या प्लगवर त्यांचा मोबाइल चार्जिंगला. पंधरा दिवस अख्खी शाखा उघड्यावर होती.

मी डबा चालू केला, बटणावर ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी लावली आणि वर पेनाने लिहिलं, 'हात लावू नये'. तेव्हापासून माझ्या बॅगेत त्या पट्टीचं रीळ असतंच.

*

आर्वीच्या उईकेताई टेक्निशियन. मितभाषी बाई. एकदा त्यांची फाइल अडकली. मी वर्ध्यात बसून तपासत होतो, तेवढ्यात डॉक्टर मॅडम आल्या. "ते बंद करा. रिपोर्ट दिला मी."

"फाइल आली?"

"बसस्टँडवर उतरली. उईकेताईंनी सीडी कंडक्टरजवळ दिली होती."

दीड तासात एसटी पोचली होती आणि मी अजून पोर्ट मोजत होतो.

*

मग कुणीतरी बाहेरून आमच्या सर्व्हरवर दिवसभर पासवर्ड मारून बघितले. मी घाबरलो आणि कडक नियम लावला. पासवर्ड तीनदा चुकला की त्या जागेच्या अख्ख्या नेटला दहा मिनिटं बंदी. त्या दहा मिनिटांत पुन्हा ठोठावलं की मोजणी पहिल्यापासून. आणि हा नियम बदलायचा तर फक्त वर्ध्याच्या ऑफिसातूनच, माझ्याच हाताने. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

*

पासवर्ड बदलला त्याच दिवशी तो मशीनमधे भरायला मी आर्वीला गेलो. लॅपटॉप तिथल्याच नेटला जोडून बसलो होतो, तेवढ्यात एका माणसाला आणलं. सोयाबीनच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडलेला. बायको सोबत होती. स्कॅन झाला. डोक्यात रक्त साकळलंय की नाही, यावर त्याला नागपूरला न्यायचं की नाही ते ठरणार होतं.

फाइल जाईना. मशीनने जुनाच पासवर्ड तीनदा मारला होता, म्हणून आर्वीलाच बंदी बसली होती. बस नुकतीच गेलेली. मी नवा पासवर्ड भरला आणि सांगितलं, "आता दहा मिनिटं कोणी कशाला हात लावायचा नाही." उईकेताई हाताची घडी घालून बसल्या.

दहा मिनिटांनी बटण दाबलं. बंदच.

"तुम्ही काही दाबलं का?"

"नाई जी."

पुन्हा दहा मिनिटं. मी कीबोर्ड काढून स्वतःच्या मांडीवर घेतला. कीबोर्डवर पट्टी लावली, माउसवर लावली. पुन्हा बंद. आतून त्या माणसाचं कण्हणं ऐकू येत होतं. मी ताईंवर ओरडलो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

ती बायको इतका वेळ दारात उभी राहून माझ्या टेबलाकडे बघत होती. "साहेब, सगळ्याइले हात लावू नका म्हणता, मंग तुमच्या याच्यात मिनटामिनटाले नवी ओळ काऊन येऊन राह्यली?"

मी वळून लॅपटॉपकडे पाहिलं. सकाळी सुरू केलेली माझी चाचणी चालूच होती. दर मिनिटाला एक लॉगिन. जुन्या पासवर्डने.

उईकेताई उठल्या, लॅपटॉपची वायर काढली, झाकण लावलं आणि घड्याळाकडे बघत बसल्या. अकराव्या मिनिटाला फाइल गेली. थोड्या वेळाने मॅडमचा फोन आला, "रक्त नाही. तिथेच ठेवा, नागपूरची गरज नाही." ती बायको मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

निघताना ताईंनी लॅपटॉप माझ्या हातात दिला. झाकणावर पांढरी पट्टी होती, आडवी, चांगली दाबून लावलेली. वर माझ्याच पेनाने लिहिलं होतं, 'हात लावू नये'.