पहिलं 'नको'

मावशीला कोणाचंही पहिलं 'नको' ऐकू येत नसे. पाहुणा चहाला नको म्हणाला की ही आधण ठेवायला उठायची. "आपल्याकडे पहिलं नको म्हणजे आग्रह करा, दुसरं म्हणजे थोडंच द्या. तिसऱ्याचं बघू," असं तिचं म्हणणं.

आमच्या पनवेलच्या बिल्डिंगमध्ये ती तळमजल्यावर एकटी राहायची, आम्ही तिच्या वरच्या मजल्यावर. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू, निवृत्त झालेली इंग्रजीची शिक्षिका. भावंडं केव्हाच इस्रायलला गेलेली आणि ही 'येते, येते' म्हणत इथेच. कर्नाळ्याच्या बाजूच्या एका कातकरी वाडीतल्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च एका संस्थेमार्फत परदेशातले दत्तक-पालक करत. मुलांची त्यांना जाणारी पत्रं मावशी इंग्रजीत करून द्यायची. मी नववीत होते. अक्षर बरं म्हणून पक्की प्रत माझ्याकडे असे, आणि मावशीचा उजवा हात मीच असं मी सगळ्यांना सांगत असे.

त्या मुलांत बारकी नावाची एक मुलगी होती. माझ्याच वयाची, वसतिगृहात राहणारी. तिचं पत्र मावशी दोनदा वाचायची, एकदा मोठ्यानं. माझ्या निबंधाला मात्र 'स्वच्छ आहे' एवढाच शेरा. बारकीला परदेशातून रंगीत कार्डं यायची आणि वर मावशीचं कौतुक. माझ्या पोटात दुखायचं, दुसरा शब्द नाही.

एकदा तिच्या पालकबाईंनी विचारलं, पुढेही मदत लागेल का? बारकीनं रीतीप्रमाणे लिहिलं, 'आता नको. तुमी लय केलंत.' असल्या नकोचं मावशी इंग्रजीत 'तुम्हाला त्रास नसेल तर हवी आहे' असं करायची. पण त्या दिवशी शनिवार होता, तिचा शब्बाथ, आणि धर्मानं विश्रांतीच्या त्या दिवशी ती पेनला हात लावत नसे. संस्थेचा माणूस गठ्ठा न्यायला दारात उभा. मीच पुढे झाले आणि नकोचं सरळ नको करून टाकलं. ती चूक नव्हती. मला सगळं कळत होतं.

बाईंनी ते खरं मानलं. मावशीनं खुलासा पाठवला तोवर त्यांनी दुसरं मूल घेतलं होतं. बारकीची वसतिगृहातली जागा गेली. मावशीनं कार्बन कॉपी काढून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "तुला एकटीला बसवलं, चूक माझी," एवढंच म्हणाली. बारकीलाही तिनं स्वतःचीच चूक सांगितली आणि तिला आपल्या घरी घेऊन आली.

म्हणजे माझ्याच हातानं मी तिला मावशीच्या घरात नेऊन बसवलं. दोन वर्षं मी वरून दोघींचं हसणं ऐकलं. पत्रांच्या प्रतीही आता बारकी काढायची. मावशी मला रोज हाक मारायची, मीच खाली गेले नाही.

बारकीची दहावी झाली आणि मावशी कायमची भावाकडे गेली. टॅक्सीत बसताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बारकीला कवटाळलं. तेवढ्यातही मी मोजमाप केलंच.

बारकी पुढे आश्रमशाळेत शिकवू लागली. मावशी तिकडे वारली, तेव्हा बातमी तिलाच आधी कळली आणि ती सांगायला घरी आली. म्हणाली, "मावशी पत्रात चुकली म्हनून मला तिचं घर गावलं. मी तिला तसं बोलले पन होते. तर म्हनाली, हे वरच्या मुलीला कदीतरी सांग, तिला बरं वाटंल."

मी तेव्हाही काही कबूल केलं नाही. खूप रडले. आणि रडतानाही मनात हेच की, माझ्यासाठीचा निरोपसुद्धा मावशीनं हिच्याच हाती दिला.