पदवी भलत्याच घरी गेली

रोज सकाळी पावणेआठला मामभेले विद्यापीठाच्या फाटकाशी थांबायची, हातातली पिशवी खाली ठेवायची आणि पहारेकऱ्याला त्याच्या कुळाची नावं घेऊन हाक मारायची. एक नाव नाही, चार. "रादेबे, भुंगाने..." अशी ती सावकाश पुढे जायची आणि चौथ्या नावापर्यंत मागे गाड्यांची रांग लागलेली असायची. पहारेकरी फाटकाची कडी हातात धरून उभा. पूर्वजांची नावं चालू असताना फाटक उघडणं त्याला बरं वाटत नसे. एकदा खुद्द कुलसचिवांनी गाडीची काच खाली करून विचारलं, "माय, एका नावात भागणार नाही का?"

"तुम्ही एकाच आजोबाचे नातू आहात का?" ती म्हणाली आणि राहिलेली दोन नावं पुरी केली.

तिचं नाव नोसान्दिसे. ते फक्त पगाराच्या कागदावर होतं. भेले कुळातली म्हणून सगळे तिला मामभेले म्हणत. सव्वीस वर्षं ती गाऊनची खोली सांभाळत होती. काळे गाऊन, चौकोनी टोप्या आणि खांद्यांवरून पाठीवर सोडायचे रंगीत हूड. शेतकीचा हिरवा, कायद्याचा लाल, शिक्षणशास्त्राचा निळा. वर्षभर ती शिवण उसवलेले काठ शिवायची, कसर लागू नये म्हणून कपाटं उघडून ठेवायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारायची, "तू कोणाची?" मी तिच्या हाताखाली कामाला लागले तेव्हा मलाही हेच विचारलं. मी आडनाव सांगितलं. तिने मान हलवली. "आडनाव सरकारला सांग. आडनावावरून माणूस कळत नाही. दोन भावांची आडनावं वेगळी असतात आणि दोन परक्यांचं एकच असतं."

पदवीदानाच्या दिवशी तिची जागा व्यासपीठाच्या कडेला असायची. नाव पुकारलं की मूल चालत येई, कुलपतींपुढे गुडघे टेकवी, ते त्याच्या डोक्याला टोपी लावत, मग मूल मामभेलेकडे वळे आणि ती हूड घाली. या सगळ्यात सभागृह गप्प बसत नसे. नाव ऐकू आलं की त्या घरची माणसं उभी राहत, कोणीतरी काका कुळाची नावं गर्जत असे, बायका जीभ टाळूवर नाचवत लांब किलकाऱ्या काढत. पण काही नावांना काहीच येत नसे. घरचं कोणी आलेलं नसे, कोणाचं कोणी उरलेलंच नसे. मग मूल त्या शांततेत बुटांचा आवाज करत चालत जाई. मामभेलेला ते सहन होत नसे. रांगेतच ती विचारून ठेवायची, "घरचं कोण आलंय? कोणी नाही? बरं, तू कोणाचा?" आणि त्याची वेळ आली की हातातला हूड तसाच धरून त्याच्या कुळाची नावं अशी पुकारायची की बाल्कनीतले लोक वाकून बघत. सव्वीस वर्षांत चुकली नव्हती.

चुकली ती त्या वर्षी मेमधल्या शुक्रवारी.

रांग दाराबाहेर उभी होती. एका मुलीच्या बुटाची टाच निघाली होती आणि मामभेले जमिनीवर बसून ती डिंकाने चिकटवत होती. मी यादी घेऊन नावांवर खुणा करत होते. त्या मुलीच्या मागे शेतकीची एक मुलगी होती, उंच, शांत. यामकेला सियोतुला.

"घरचं कोण आलंय?" मामभेलेने मान वर न करता विचारलं.

"निघालेत. टॅक्सी पुलाजवळ बंद पडलीय."

"सियोतुला म्हणजे नदीपलीकडची?"

"हो."

तेवढ्यात दार उघडलं आणि रांग हलली. नदीपलीकडचे जेवढे सियोतुला मामभेलेला माहीत होते, म्हणजे किराणावाला, बसचा चालक आणि चर्चमधला एक उपदेशक, ते सगळे तोलो कुळाचे. तिने पुढचं विचारलं नाही.

नाव पुकारलं गेलं. मामभेलेने छाती भरून हाक दिली, "तोलो! द्लांगामांद्ला!" आणि वर एक किलकारी. यामकेला अर्ध्या वाटेत थबकली. दुसऱ्याच कोणाला बोलावल्यासारखं तिने मागे पाहिलं. नेमकं तेव्हाच सभागृहाचं मागचं दार उघडून एक म्हातारा आत आला होता. अंगात राखाडी कोट, हातात टोपी, बुटांवर पुलाजवळची धूळ. त्याने ती हाक पुरी ऐकली. मग टोपी डोक्यावर ठेवली आणि बाहेर निघून गेला.

गाऊन त्याच दिवशी पाचपर्यंत परत यायचे असतात. साडेपाचला एकच राहिला होता आणि तो अंगात घालूनच यामकेला आमच्या दारात उभी राहिली.

"माय, आजोबा म्हणतात, पदवी मिळालीच नाही."

"कागद हातात आहे ना?"

"आहे. पण ते म्हणतात, नाव माझं घेतलं आणि हाक तोलोंना मारली. तोलोंचे पूर्वज आले आणि घेऊन गेले. आमचे दाराशी ताटकळत राहिले."

मामभेलेच्या हातात टाचण्यांचा डबा होता. तिने तो खाली ठेवला.

"म्हणून गाऊनही उतरवू नको म्हणतात," यामकेला म्हणाली. "काम झालंच नाही तर उतरवायचा कसा?"

मला हसू येत होतं. मामभेलेकडे बघितलं आणि ते गेलं. ती स्टुलावर बसली होती. "तू कोणाची?" तिने विचारलं, एवढ्या हळू की मुलीला वाकावं लागलं.

"गात्येनी."

"गात्येनी," मामभेले म्हणाली. "उद्या घरी समारंभ असेल. बैल कापणार असतील."

"कापणार होते. दोन गावं बोलावलीत. आजीची ज्वारीची बियर तयार आहे, ती काही थांबायची नाही. पण आजोबा म्हणतात, बैलाला सांगू काय? कशासाठी कापतोय म्हणून सांगू?"

मुलगी गेल्यावर मामभेलेने कपाटं बंद केली. मग मला म्हणाली, "तुझ्या भावाची पिकअप उद्या मोकळी आहे का?"

"जाऊन काय करणार?"

"जाऊन उभी राहीन. नाही ऐकलं तर परत येईन. पण यापुढे सभागृहात मी तोंड उघडणार नाही. हूड घालेन, टाचणी लावेन, गप्प बसेन. न विचारता हाक मारणाऱ्या बाईपेक्षा शांतता बरी."

शनिवारी सकाळी आम्ही नदी ओलांडली. तिने डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता, खांद्यावर ब्लँकेट घेतलं होतं आणि मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली ब्रँडीची बाटली होती. वाटेत ती ओठ हलवत गात्येनींची नावं घोकत होती. जिला सबंध जिल्ह्याची कुळं पाठ, ती बाई परीक्षेला निघालेल्या पोरीसारखी.

अंगणात माणसं होती पण आवाज नव्हता. पुरुष भिंतीच्या कडेने बसले होते, बायका बियरच्या पिंपाभोवती. बैल खुंटाला बांधलेला होता आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. यामकेलाची आजी मागाबा पुढे आली. "ये, भेलेंच्या मुली," ती म्हणाली. "तो तिकडे बसलाय. कालपासून माझ्याशीही बोलला नाही, तेवढी एक शांती मिळाली."

म्हातारा गुरांच्या कुंपणात एका उपड्या खोक्यावर पाठ करून बसला होता. दुसऱ्या घरच्या बाईने त्या कुंपणात पाऊल टाकायचं नसतं. मामभेले फाटकाच्या आडव्या लाकडाशी थांबली आणि तिने बाटली जमिनीवर ठेवली.

"गात्येनी," ती म्हणाली.

"आज सुचलं," म्हातारा मागे न बघता म्हणाला.

भिंतीशी बसलेल्यांत कोणीतरी खोकलं.

"काल सुचायला हवं होतं, ताता. मी विचारलं नाही. आडनाव बघितलं आणि धरून चालले. चूक माझी आहे. पोरीची नाही, विद्यापीठाची नाही."

"कानावरची खूण न बघता मेंढी आपल्या कळपात हाकलतेस का तू?"

"माझ्याकडे मेंढ्या नाहीत, ताता."

"दिसतंच आहे."

आता लोक उघड हसले. म्हातारा हसला नाही. तो वळून बसला, आणि तो रागावलेला कमी, थकलेला जास्त दिसत होता. "चार वर्षं," तो म्हणाला, "रोज पहाटे या कुंपणाशी उभा राहून मी माझ्या गेलेल्या माणसांना सांगायचो. पोरगी शिकतेय, लक्ष असू द्या. तिचा बाप नाही, तुम्हीच बघा. आणि काल त्यांना बोलवायची वेळ आली, तेव्हा हाक गेली शेजाऱ्यांना. त्यांना मी काय तोंड दाखवू?"

"तोंड मी दाखवते," मामभेले म्हणाली. "हाक मी मारली होती. ती मी परत घेते."

"नुसती हाक परत घेऊन कसं चालेल? सगळंच परत करायला हवं. पहिल्यापासून."

मग पहिल्यापासून केलं. यामकेलाला घराच्या दारात उभं केलं. आजीने गाऊनला इस्त्री झालीच पाहिजे म्हणून हट्ट धरला, त्यात अर्धा तास गेला. यामकेलाच्या आत्याने समारंभाची पुस्तिका आणि चष्मा शोधला. म्हाताऱ्याने मला बोलावून विचारलं, "कुलपती नेमकं काय म्हणतात?"

"तुला ही पदवी देतो, असं म्हणतात."

त्याने थोडा विचार केला. "माझ्याकडे द्यायला काय आहे? मी नुसतं सांगेन."

आत्याने नाव वाचलं. यामकेला अंगणातून चालत आली. मध्ये दोन कोंबड्या आडव्या गेल्या, तिने गाऊन उचलून त्यांना वाट दिली. कुंपणात येऊन तिने शेणाने सारवल्यासारख्या घट्ट मातीत गुडघे टेकवले. म्हाताऱ्याने स्वतःची टोपी काढली, तिच्या डोक्याला लावली आणि म्हणाला, "हिने काम पुरं केलंय." कोणाला म्हणाला ते सगळ्यांना कळलं.

मग ती फाटकाशी आली. आत ती, बाहेर मामभेले, मध्ये ते आडवं लाकूड. मामभेलेने लाकडावरून हात लांब करून हिरवा हूड तिच्या खांद्यांवर घातला. टाचणी लावताना तिचे हात स्थिर होते. आवाज मात्र स्थिर नव्हता. "गात्येनी," तिने हाक दिली. "मामाली..."

म्हाताऱ्याने हात वर केला. "थांब. मामालीवर आवाज बसला. त्याला म्हातारपणी कमी ऐकू यायचं."

"मेल्यावरही?" भिंतीकडून कोणीतरी विचारलं.

"मेल्यावर माणूस सुधारत नाही. पुन्हा."

मामभेलेने रुमाल सारखा केला, ब्लँकेट मागे टाकलं. या वेळी तो आवाज आला, सभागृहातला. "गात्येनी! मामाली! न्दोंदेला!" तो टेकडीवर जाऊन परत यायच्या आत बायकांनी किलकाऱ्या उचलल्या. मागाबा त्यात सर्वांत जोरात होती. यामकेला या वेळी मागे वळली नाही. ती आजोबांकडे बघत उभी राहिली आणि ते तिच्याकडे.

नंतर बैल आणला. सांगायचं ते म्हाताऱ्याने सांगितलं आणि भाल्याच्या पहिल्याच टोचणीला बैल मोठ्याने हंबरला. पुरुषांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. "पोचलं त्यांच्यापर्यंत," एक जण म्हणाला, आणि सगळे कामाला लागले.

दुपारभर आम्ही खाल्लं. म्हाताऱ्याने गाऊन स्वतः उतरवून घेतला, बायकोला न देता स्वतःच घडी घातली, वाईट घातली, आणि माझ्या हातात ठेवला. "आता न्या," तो म्हणाला. शेतकी शिकलेल्या नातीने त्याला मेंढ्यांना कोणतं औषध कधी द्यावं ते सांगायला सुरुवात केली होती आणि तो चेहरा कडू करून ऐकत होता. मामभेलेसाठी त्याने फासळीचा एक मोठा तुकडा पाठवला. तिने तो सावकाश, हाड स्वच्छ होईपर्यंत खाल्ला.

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. म्हातारा गाडीपर्यंत आला. "हिचा धाकटा भाऊ तिकडेच आहे," तो म्हणाला. "कायदा शिकतोय. तीन वर्षं लागतील. माझे गुडघे तोवर टिकतील की नाही ठाऊक नाही. मी नाही आलो तर तिथे हाक कोण मारणार? त्याच्या आत्याचा आवाज फुटलेल्या डब्यासारखा आहे."

"मी ऐकतेय," आत्या मागून म्हणाली.

मामभेले गाडीत चढून बसली. ब्लँकेट गुडघ्यांवर नीट पसरलं. त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागे बियरचा रिकामा डबा हातात घेऊन उभ्या असलेल्या मागाबाकडे. शुक्रवारी गाऊनच्या खोलीत ती जे बोलली होती ते मला आठवत होतं, आणि ती काय उत्तर देते म्हणून मी किल्ली न फिरवता थांबले होते.

"बियर छान झालीय, मागाबा," ती म्हणाली. "पोराच्या पदवीला ज्वारी एक दिवस जास्त भिजू द्या."