जानरावच्या बायकोची कांडी

आमच्या घरमालक काकासारखा माणूस साऱ्या रायपुरात नाही, अन् त्याइले पुरता ओळखणारा मी एकटाच. म्हणजे आठ वर्षं मी त्याइच्या बोलण्याले नुसता "हव, हव" करत होतो, समजलं त्यातलं अर्धंबी नाही.

काका मर्दुमशुमारीच्या हापिसातून रिटायर झालेले. रायपूर राजधानी झालं, सारे जनगणना म्हणू लागले, पण काकाच्या तोंडी मर्दुमशुमारीच. लोकाइचे पोरं परदेशातून घड्याळं धाडतात. काकानं स्कॉटलंडातल्या पोराजवळ मागितलं काय, तर तिथल्या एका खेड्यातल्या विणकराच्या घरची दीडशे वर्षांआधीची मर्दुमशुमारी! झेरॉक्स आली. नवरा जॉन, बायको, चार पोट्टे. मी त्याचा जानराव केला, तेवढीच माझी विद्या. तो हातमागवाला, मीबी हातमागवाला, म्हणून काका रोज माझ्या मागापाशी खुर्ची टाकून त्या घरची खबर सांगत. थंडी पडली की म्हणत, "आज जानरावच्या घरी बर्फ असन रे." जसा काही जानराव समता कॉलोनीत राह्यते. त्याच्या सहा वर्षांच्या पोट्ट्यापुढे 'स्कॉलर' लिहलं होतं. "या वयात पंडित?" म्हणून मी हात जोडले. "अबे, शाळेत जाते, एवढंच!" काका ओरडले. माझ्यापुढे तर कोणी तेवढंबी लिहलं नसतं.

एक दिवस काका जेवलेच नाही. काहून? तर पोरानं मागून धाडलेल्या, दहा वर्षांनंतरच्या कागदात जानरावची थोरली पोट्टी नव्हती. मी म्हटलं, "काका, नवाची एकोणीसची झाली. सासरी गेली असन." काका मले पाहतच राह्यले. मग उठले अन् दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या.

त्याच हिवाळ्यात आपल्या इकडे गिनती आली. शाळेचे गुरुजी मोजणीचं रजिस्टर घेऊन दारात. "भैया, पत्नी क्या काम करती हैं?" मले वाटलं, मर्दुमशुमारी म्हणजे मर्दाची मोजणी, बाईचं काय लिहायचं? ऐटीत सांगतलं, "कुछ नहीं करती."

आतला चरखा थांबला. बायको सकाळपासून माझ्यासाठी सुताच्या कांड्या भरून राह्यली होती. कांडी नाही तर मागावर इकडून तिकडे पळणारा धोटा रिकामा, अन् धोटा रिकामा तर मी रिकामा.

"काहीच करत नाही ना मी?" ते बाहेर आली. "मंग नाही करत."

दुसऱ्या दिवशी पंडरीच्या कापडबाजारातल्या दुकानात पन्नास गमछे द्यायचे होते. दहा बाकी होते. अन् मागावर मी एकटा मर्द!

काका झेरॉक्स घेऊन धावत आले. "हे पाह्य! जानरावच्या बायकोपुढे काय लिहलं? कांड्या भरते! अन् मर्दुम म्हणजे माणसं बे, मर्द नाही!"

मी अनवाणी पळालो. तिसऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, गुरुजी सापडले.

"क्या हुआ? कोई छूट गया?"

"हव जी, आधा घर छूट गया."

गुरुजीनं हसत दुरुस्त केलं. घरी आलो तं चरखा सुरू होता.

काका मंग पोराकडे गेले, कागद मले देऊन गेले. तिथून एकदाच फोन आला. "जानरावचं घर सापडलं नाही रे. थंडी मात्र तशीच आहे." आता मागापाशी ते खुर्ची रिकामीच राह्यते. कागद मी भिंतीवर लावला. परवा त्याच्याकडे पाहून बायकोले म्हटलं, "जानराव अन् मी, दोघं सारखेच म्हण."

तिनं चरख्यावरून मानबी वर केली नाही. "जानरावनं पहिल्याच बारीत खरं सांगतलं होतं जी. तुम्हाले पळा लागलं."