बॉयलरकाका

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या मराठी घरांत कमलाकर टिपणीसांना बॉयलरकाका म्हणत. पाठीमागे, आणि जरा वैतागूनच. चहाला आलेला हा गृहस्थ कप हातात घेण्याआधी घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या बॉयलरपुढे जाऊन उभा. "फ्लो टेंपरेचर, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी, सत्तरवर? पंचावन्नवर आण. रेडिएटरमधलं पाणी गार होऊन परतलं, तरच नवा बॉयलर धुरातली ऊब परत घेतो. नाहीतर वेस्ट." कौन्सिलच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी हा उद्योग मागे लावून घेतला होता. खरं सांगायचं तर सल्ला चांगला असे.

त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र तीस वर्षांचं जुनं धूड होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. शंभरातले तीस भाग ऊब धुराड्यावाटे आभाळात जाई, आणि काका म्हणत, "चालतोय ना?" असला बॉयलर जळायला हवा खोलीतूनच घेतो, म्हणून भिंतीत कायमची उघडी जाळी ठेवतात. काकांना मात्र ते ऊब पळवणारं भोक वाटे.

यंदा नवरात्रातच थंडी आली. सुलक्षणाकाकूंचा देव्हारा स्वयंपाकघरात, आणि जाळीतल्या वाऱ्याने अखंड दिवा पहिल्याच दिवशी दोनदा विझता विझता राहिला. घटापुढचा दिवा नऊ दिवस तेवत राहिला पाहिजे. काकू रडकुंडीला आल्या. काकांनी जुन्या टॉवेलची घडी करून जाळी गच्च बुजवली, वरून टेप मारली. दिवा स्थिर झाला, खोलीही गरम राहू लागली. स्वतःवर ते इतके खूष झाले की दुसऱ्या दिवशी रवी आणि वैजयंतीकडे गेले. त्या दोघांच्या भाड्याच्या घरात तसाच जुना बॉयलर, तसाच घटापुढे दिवा. काकांनी गुडघ्यांवर बसून तिथलीही जाळी स्वतःच्या हाताने बुजवून दिली. त्यांची दोन वर्षांची अक्षरा शेजारी बसून बघत होती.

चौथ्या दिवशी काकूंचं डोकं ठणकू लागलं. उपासाचं पित्त, त्या म्हणाल्या. पाचव्या दिवशी मळमळ. साबुदाणा बाधला, काका म्हणाले. डोकं त्यांचंही जड होतं.

सहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, ते दूध आणायला बाहेर पडले. कोपऱ्यापर्यंत पोचेतो डोकं हलकं झालं. घरी येऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच कपाळ पुन्हा आवळलं. बाहेर गेल्यावर उतरतं, हे पित्त कसलं? आणि आपण तर उपासही करत नाही.

खिडकीच्या काचांवरून आतून पाणी ओघळत होतं; धुरातली वाफ घरातच कोंडली होती. काकांनी वाकून बॉयलरच्या छोट्या काचेतून पाहिलं. ज्योत निळी हवी. ही पिवळी होती, लोळत होती, आणि काचेच्या कडेला काजळी धरली होती. मग त्यांची नजर टॉवेलवर गेली. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि घरात कार्बन मोनॉक्साइड साचतो. विषारी, आणि वास नाही. हे त्यांनी चार लोकांना सांगितलंही होतं.

"सुलू, ऊठ."

काकू देव्हाऱ्यापुढे भिंतीला टेकल्या होत्या. "झोप येतेय हो," त्या पुटपुटल्या. "दिव्यात तेल घालायचंय."

काकांनी बॉयलर बंद केला, मागचं दार सताड उघडलं आणि त्यांना काखेत धरून बागेत ओढत नेलं. वाऱ्याने दिवा विझला. काकूंनी तो विझताना पाहिला आणि डोळे मिटून घेतले. काका त्यालाच जास्त घाबरले.

काकांनी बोलावलेली अँब्युलन्स आली. पॅरामेडिकने काकूंना ऑक्सिजनचा मास्क लावला आणि विचारलं, घरात आणखी कोणी होतं का? काका नाही म्हणाले, आणि मग त्यांना आठवलं. जाळ्या त्यांनी दोन बुजवल्या होत्या.

त्यांनी रवीचा पत्ता सांगून तिथेही माणसं पाठवायला लावली आणि फोन लावला. रवी उचलेना. वैजयंतीचा फोन तिसऱ्या खेपेला लागला.

"काका, आफ्टरनूनला बोलू का? रवी झोपलाय, माझं डोकं फुटतंय, उपास ना. आणि अक्षरा आज नीट उठतच नाहीये. नुसती मलूल पडलीय."

"तिला उचल आणि रस्त्यावर ये. रवीला उठव. आत्ता."

"पण झालं काय?"

"बॉयलरचा विषारी गॅस साचलाय घरात. जाळी मी बुजवली, माझं चुकलं. बोलू नकोस, नीघ."

तिने फोन तसाच चालू ठेवला. रवीला मारलेल्या हाका, जिन्यावरची दोघांची पावलं, दाराचा आवाज. मग रस्त्यावरच्या गाड्या. "अक्षू, डोळे उघड," वैजयंती म्हणत होती, पुन्हा पुन्हा तेच. काका ओल्या गवतात बसले होते, फोन कानावर दाबून, दुसऱ्या हातात काकूंचा हात धरून.

मग अक्षरा रडली. जोरात, चिडून, झोपमोड झालेल्या पोरीसारखी. वैजयंती दोनदा म्हणाली, "काका, आहात ना?" "आहे," काका म्हणाले. "आत जाऊ नका. अँब्युलन्स येतेय."