पॉलिश सुकतंय

शेजारी दारांना पॉलिश चाललंय आणि त्या वासाने मला पंचवटीतला स्पीकर बनवणारा कारागीर आठवला. त्याच्याकडे मी लाकडी स्पीकरची जोडी खास बनवायला टाकली होती. वायदा पंधरा दिवसांचा, आणि तीन महिने फोनवर एकच उत्तर, "ताई, पॉलिश सुकतंय." तेही नाशिकच्या भर उन्हाळ्यात! शेवटी ऑर्डर रद्दच करायची म्हणून मी तणतणत गेले. गल्लीच्या तोंडाशीच बासरी ऐकू आली, इतकी स्वच्छ की वाजवणाऱ्याचा श्वासही कळावा. माझेच स्पीकर त्याच्या दुकानाच्या पायरीवर वाजत होते आणि समोर भाजीवाल्या मेथीच्या जुड्या बांधता बांधता माना डोलवत होत्या. "टेस्टिंग चालू आहे," तो चाचरत म्हणाला. एक म्हातारी भाजीवाली म्हणाली, "लय गोड वाजतंय बाई, इतक्यात नको नेऊ." तो खाली मान घालून पुटपुटला, "पॉलिश..." मी स्पीकरवरून बोट फिरवलं. कोरडं ठणठणीत. "हो, अजून ओलंच आहे," मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात येते." आता ते गंगापूर रोडला माझ्या हॉलमध्ये असतात. छान वाजतात, पण मी मेथी निवडायला बसले की जरा जास्तच छान वाजतात.