ड्राफ्टमध्ये पडून राहिलेले नऊ दिवस

अकरा वर्षं मी कॅनडात, वॉटर्लूजवळच्या एका कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमचा सहाय्यक कोच होतो. इथे त्याला सॉकर म्हणतात. फुटबॉल म्हटलं की लोकांना हेल्मेटवाला खेळ आठवतो. मी कोल्हापूरचा. तालमीच्या टीमची मॅच असली की आमच्या पेठेतली दुकानं बंद व्हायची, त्यामुळे सॉकर हा शब्द माझ्या तोंडी कधी नीट बसला नाही.

पोटापाण्याची नोकरी सॉफ्टवेअरची. चार वाजता लॅपटॉप मिटायचा आणि मैदानावर जायचं. सहाय्यक कोचचं काम म्हणजे मैदानावर प्लॅस्टिकचे कोन मांडणे, बॉलमध्ये हवा भरणे, मॅचचा व्हिडिओ काढणे आणि हेड कोच ज्यांच्यावर ओरडले त्यांच्याशी नंतर बोलणे. हेड कोच म्हातारे होते, कडक पण सरळ. मुली त्यांना जे सांगायच्या नाहीत ते मला सांगायच्या. आपण बरे आहोत म्हणून सांगतात, असं मला वाटायचं. माझ्या हातात कुणाला संघाबाहेर बसवणं नव्हतं, हे खरं कारण होतं.

शेवटच्या वर्षी टीममध्ये गडहिंग्लजची एक मुलगी आली. पहिल्या दिवशी तिने मला सर म्हटलं. दुसऱ्या दिवशी एका चुकलेल्या पासवर माझ्या तोंडून कोल्हापुरी निसटली, तशी ती मैदानाच्या मध्यात थांबून हसायला लागली.

"काका, कोल्हापूरचे होय तुम्ही? तरीच."

"तरीच काय?"

"आमच्याकडं येऊन हरून जायची की तुमची टीम. मग रेफरीच्या नावानं बोंबलत परत जायची."

त्या दिवसापासून मी काका झालो. ती सकाळी कॉफीच्या दुकानात काम करायची, दुपारी क्लास, संध्याकाळी प्रॅक्टिस. हेडिंगला, म्हणजे डोक्याने बॉल मारण्यात, तिच्यासारखी दुसरी नव्हती. आम्ही बाजूला उभे राहून मराठीत बोलायचो आणि बाकीच्यांना काही कळत नाही याची आम्हा दोघांनाही गंमत वाटायची.

ऑक्टोबरमधली ती मॅच जिंकली तर आम्ही प्रांताच्या स्पर्धेत जाणार होतो. हेड कोच त्या वर्षी निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागेसाठी मी अर्ज केला होता. शेवटची पंचवीस मिनिटं, बरोबरी. एका उंच बॉलवर ती आणि समोरची डिफेंडर एकदमच उडाल्या. डोक्यावर डोकं आपटल्याचा आवाज मला बेंचपर्यंत ऐकू आला.

ती चालत बाहेर आली. दुखापती बघणाऱ्या आमच्या थेरपिस्टने तिला नेहमीचे प्रश्न विचारले, तिने नेहमीची उत्तरं दिली. डोकं दुखतंय असं कळलं तर थेरपिस्ट खेळाडूला आत जाऊच देत नाही. नियमच तसा आहे. मग ती माझ्याजवळ पाण्याची बाटली घ्यायला आली आणि खाली बघत म्हणाली, "काका, डोक्यात घण मारल्यागत होतंय. उजेड खुपतोय. सांगू नका हं, बसवतील मला."

थेरपिस्टने मला विचारलं, ती काय म्हणाली?

मी म्हणालो, हातमोजे मागतेय, थंडी वाजतेय तिला.

खोटं खरं वाटावं म्हणून मी माझे हातमोजे काढून तिला दिले. तिने ते घातले आणि रेफरीने खूण केल्यावर आत गेली. दहा मिनिटांनी तिने पुन्हा बॉलला डोकं लावलं आणि तिच्या हेडरवर आमचा गोल झाला. हेड कोचनी मला मिठी मारली. मी पण मारली. त्या मॅचच्या इंज्युरी रिपोर्टवर तिच्या नावासमोर "तक्रार नाही" असं लिहिलं गेलं आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

चार दिवसांनी तिला स्क्रीनकडे बघवेना. पायऱ्या उतरताना भिंत धरावी लागायची. डॉक्टरांनी मेंदूला धक्का बसल्याचं सांगितलं, वाचन बंद, लॅपटॉप बंद. तिला सेमिस्टरची वैद्यकीय रजा हवी होती. ती मिळाली नाही तर नापास झालेले विषय रेकॉर्डवर येणार आणि पुढच्या वर्क परमिटला अडचण होणार. पण रजेच्या फॉर्मवर दुखापत कधी, कुठे, हे लिहायचं होतं आणि आमचा रिपोर्ट म्हणत होता की मॅचमध्ये काही झालं नाही. कॉलेजच्या ऑफिसमधल्या बाईंनी तिला विचारलं, कॉफीच्या दुकानात पडली होतीस का?

ती गडद चष्मा लावून माझ्याकडे आली. "काका, मी तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं, एवढं दोन ओळींत लिहून द्या. माझ्या शब्दावर ते ऐकत नाहीत."

"देतो की. त्यात काय."

दुसऱ्या दिवशी लंचच्या सुट्टीत मी ईमेल लिहिला. ती काय म्हणाली, मी थेरपिस्टला काय सांगितलं, सगळं. हातमोज्यांसकट. लिहायला वीस मिनिटं लागली. पाठवला मात्र नाही. माझा इंटरव्ह्यू पुढच्या आठवड्यात, गुरुवारी होता.

तिच्या रजेच्या अर्जाची मुदत त्याच्या आदल्या सोमवारी संपत होती. मला हे माहीत होतं. कॅलेंडरमध्ये दोन्ही गोष्टी मीच टाकल्या होत्या, एक निळ्या रंगात, एक हिरव्या.

बायकोला मी ईमेल वाचून दाखवला होता. ती रोज विचारायची.

"पाठवला?"

"जरा भाषा बघतोय."

तिसऱ्या वेळी ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "भाषा चांगली आहे. तुम्ही इंटरव्ह्यूसाठी थांबलाय. निदान मला तरी भाषा सांगू नका."

मी त्यावर चिडलो. मुदत वाढवून मिळते, ऑफिसवाले एवढे ताणत नाहीत, असं बरंच काही बोललो. रविवारी त्या मुलीचा मेसेज आला: काका, पाठवलं का? मी लिहिलं, उद्या नक्की. सोमवारी मी फोन उलटा करून ठेवला.

इंटरव्ह्यूत मला विचारलं, या कामात तुमची सगळ्यात मोठी ताकद कोणती? मी म्हणालो, खेळाडू माझ्यावर विश्वास ठेवतात. पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो, गाडी सुरू न करता ईमेल उघडला आणि पाठवला. ड्राफ्टमध्ये तो नऊ दिवस होता.

पुढचं सगळं भराभर झालं. हेड कोचची जागा दुसऱ्याला मिळाली आणि मला पुढच्या सीझनला येऊ नका असं सांगितलं. ते बरोबरच होतं. तिला मात्र कळवण्यात आलं की पुरावा उशिरा आला, रजा त्या तारखेपासून पुढेच धरता येईल. दोन विषय नापास राहिले. कोर्स वर्षभर लांबला, परवान्याचे कागद अडकले आणि ते अडकलेले असताना तिला देशाबाहेर जाता येईना. धाकट्या बहिणीचं लग्न तिने मैत्रिणीच्या बेसमेंटमध्ये फोनवर बघितलं, तेही उजेड कमी करून, थोडं थोडं.

हे एवढंच असतं तरी पुरलं असतं. पण तिने सगळ्यांना सांगायला सुरुवात केली की काकांनी माझ्यासाठी स्वतःचं पद घालवलं. गणपतीच्या कार्यक्रमात नागपूरच्या एका गृहस्थांनी माझा हात हातात घेतला. "असं खरं बोलायला हिंमत लागते," ते म्हणाले. मी त्यांना थांबवलं नाही. प्रसादाची प्लेट घेऊन कोपऱ्यात उभा राहिलो. बायको लांबून माझ्याकडे बघत होती.

मागच्या हिवाळ्यात त्या मुलीचा फोन आला. मिल्टनला नोकरी लागली, वर्क परमिट झालं, रविवारी जेवायला या. काकूंनाही आणा. काकू आल्या नाहीत. "तुम्हाला जे बोलायचं असेल ते एकट्याने बोला," एवढंच म्हणाल्या.

तिने तांबडा रस्सा केला होता. "कोल्हापूरवाल्यांना नावं ठेवायला जागा नको," ती म्हणाली आणि हसली. अजूनही मोठ्या आवाजात कुकर वाजला की तिचे डोळे मिटतात, हे मी बघितलं. जेवताना ती त्या मॅचबद्दल बोलायला लागली.

"काका, तुम्ही अजून मनाला लावून घेता ना ते हातमोज्यांचं? मीच म्हटलं होतं सांगू नका."

"ते नाही," मी म्हणालो.

"मग?"

मी सांगितलं. लंचची सुट्टी, सोमवार, गुरुवार, पार्किंग. रविवारी तिला उद्या नक्की लिहिलं तेव्हा उद्या पाठवणार नाही हे मला माहीत होतं, हेसुद्धा सांगितलं.

तिने हातातला घास परत ताटात ठेवला.

"म्हणजे लिहून तयार होतं?"

"हो."

"मी मेसेज केला तेव्हा?"

"तेव्हाही."

तिने उठून रश्श्याचं पातेलं झाकलं, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मला वाटलं ती ओरडेल, आणि ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, हेही मला त्याच क्षणी कळलं. म्हणूनच बहुधा ती ओरडली नाही. ताट धुऊ का विचारलं, तर नको म्हणाली.

मी जॅकेट घालून बूट चढवले. ती दारापर्यंत आली. आमच्याकडे पाहुण्याला दारापर्यंत सोडतात, ते तिने चुकवलं नाही.

"रस्त्यावर बर्फ आहे," ती म्हणाली. "सावकाश जा, सर."