बटणावर ठेवलेला हात

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. अक्षर वेडंवाकडं आहे, चुका पोटात घाला.

काळेवाडीतल्या त्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. त्याचा पाय सारखा हलायचा. मुलीच्या छोट्या लॅपटॉपची डिस्क आणि बॅटरी, दोन्ही गेल्या होत्या. त्याने वायर लावून पेनड्राइव्हवरून लिनक्स नावाची, लॅपटॉप चालवणारी प्रणाली चालू केली आणि पेनड्राइव्ह काढून घेतला, तरी लॅपटॉप चालूच.

"आता सगळं मेमरीत आहे, ताई. वीज गेली की सगळं विसरणार. आधी काम पेनड्राइव्हवर घ्यायचं."

कॉलेजचा प्रोजेक्ट दुपारीच द्यायचा होता, नाहीतर मुलगी नापास. ती तिथेच बसून लिहीत होती. मी उगाच आतबाहेर करत होते.

"झालं गं आई!" ती म्हणाली, आणि सवयीने मी बटण बंद करायला भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाकडे धावले. त्याने आधीच बटणावर तळहात ठेवला होता. पाय थांबला होता.

"माझ्या आईने असंच एकदा माझं काम घालवलं," तो म्हणाला. "मी ओरडलो. दोन दिवस जेवली नाही ती."

फाइल पेनड्राइव्हवर गेल्यावरच त्याने हात काढला.

"आता करा बंद."

माझं बोट पुढे जाईना. "तुम्हीच करा, दादा," मी म्हटलं.